झुकणारी तिचाकी: तोल चालकाने सांभाळायचा की मोटरने?

तिरपा_पाना (धागाकर्ता)

शहरासाठी अरुंद, बंदिस्त तिचाकी हवी असा विषय निघाला की कोणीतरी लगेच झुकाव-मोटर, जायरो आणि कंट्रोलरची यादी काढतं. माझ्या मते हे घोड्याआधी टांगा सजवणं झालं. पुढे दोन चाकं, त्यांच्यामध्ये समांतरभुज जोडणी, झुकाव पूर्ण मोकळा आणि थांबल्यावर कुलूप, एवढं पुरतं. पियाजिओची एमपी३ ही तिचाकी स्कूटर २००६ पासून असंच करते आणि ४० अंशांपर्यंत झुकते. यामाहाची निकेन (२०१८) ४५ पर्यंत जाते. दोन्हींत झुकवायला मोटर नाही.

आधी गरज पाहू. मागे दोन चाकं, रुंदी ८० सें.मी., गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सें.मी. वर आणि लांबीच्या हिशेबात ६० टक्के मागे, अशी न झुकणारी गाडी घ्या. उलटण्याची हद्द येते ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट आडवा जोर). म्हणजे २० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ३२ कि.मी.ला आतलं चाक हवेत. त्याच वळणात ताशी ४० ने जायचं तर ३२ अंश झुकायला हवं. दुचाकीवाला हे रोज विचार न करता करतो. मग त्याच्या हातातलं काम काढून मोटरला का द्यायचं?

चिखलगाडी

कारण तुम्ही स्कूटरचं उदाहरण देऊन केबिन विकताय. एमपी३वर बसलेला माणूस वेळ आली तर पाय टेकतो. दार लावलेल्या केबिनमधून कुठे टेकणार?

मोकळ्या झुकावाला तोल मिळतो तो वेगातून. ताशी ८-१० च्या खाली तो संपला. सिग्नलच्या रांगेत गाडी दोन मीटर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक वेळी कुलूप लागणार आणि सुटणार. आणि ते वेळेवर सुटलं नाही तर? पुढच्या दोन चाकांची रुंदी ४२० मि.मी., गुरुत्वमध्य दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये, उंची ६० सें.मी. धरा. हद्द जेमतेम ०.१७ जी. दहा मीटरच्या वळणात ताशी १५ ला गाडी आडवी. १५! सायकल याहून जोरात वळते.

दुसरं, तुम्हाला ८० सें.मी. रुंदी हवी आणि समांतरभुज जोडणीही हवी. गाडी झुकते तेव्हा जोडणीचे आडवे हात (दांडे) जमिनीला समांतर राहतात, केबिन त्यांच्याभोवती फिरते. ३५ अंशांना हाताचं टोक केबिनच्या तुलनेत २३ सें.मी. वर किंवा खाली जातं. तिथे चालकाचे पाय असतात. काढा आता डिझाइन.

तिरपा_पाना

पायांचा मुद्दा मान्य. पुढची रुंदी ४६ सें.मी.च्या आसपास ठेवायची, बॉडी तिच्याबाहेर गेली तरी चालेल. (युरोपात ४६० मि.मी.पर्यंत अंतर असलेली दोन चाकं नियमाने एकच चाक धरतात. म्हणून एमपी३ची एलटी ही आवृत्ती मुद्दाम ४६५ ची केली आणि कारच्या लायसन्सवर चालवायची सोय झाली. पाच मिलिमीटरची करामत!)

कुलपाचं म्हणाल, तर ते हाताने सोडायचं नसतंच. थ्रॉटल दिला किंवा ठरलेला वेग ओलांडला की आपोआप सुटलं पाहिजे.

गणिती_गण्या

मोटरवाल्यांनी एक बेरीज कागदावर करून पाहावी, मग भांडावं.

झुकणारा भाग ३०० किलो, झुकाव-अक्षाभोवती त्याचं जडत्व १२० किलो-चौ.मी. धरू. त्याला ०.६ सेकंदात ३० अंश झुकवायचं आहे. अर्धा वेळ ढकलायचं, अर्धा वेळ रोखायचं. टॉर्क येतो सुमारे ७०० न्यूटन-मीटर. मोटर तो मिळवेल, त्यात विशेष नाही. प्रश्न हा आहे की मोटर कशाला पाय लावून ढकलणार? अशा गाडीत मागची दोन चाकं आणि त्यांचा आस झुकत नाहीत; त्या आसाला. केबिन डावीकडे ढकलली की आस उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. ८० सें.मी. रुंदीवर ७०० न्यूटन-मीटर म्हणजे आतल्या चाकावरून ८७५ न्यूटन भार गेला. एकूण ३५० किलोच्या, ६० टक्के भार मागे असलेल्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकावर उभ्या स्थितीत जेमतेम १,०३० न्यूटन असतात. राहिले दीडशे. त्यात एक खड्डा आला की चाक वर.

म्हणजे उलटू नये म्हणून बसवलेली मोटर वळणाच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात गाडीला उलटवायलाच मदत करते. बाथ विद्यापीठात क्लेव्हर प्रकल्पाच्या झुकणाऱ्या तिचाकीवर हेच दिसलं: स्थिर वळणात झकास, झटक्यात स्टीअरिंग फिरवलं की आतलं चाक उचलायला लागतं.

वेळ दुप्पट केला, १.२ सेकंद, तर टॉर्क चौपट कमी, १७५. पण समोर रिक्षा अचानक थांबल्यावर १.२ सेकंद कोणाकडे असतात?

चिखलगाडी

हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धवट. कार्व्हर वन या यंत्राने झुकणाऱ्या तिचाकीत इंजिन आणि ड्राइव्ह मागच्या न झुकणाऱ्या भागात होतं. भार तिथे आणि खाली ठेवला की त्या चाकांवर पाय रोवून ढकलता येतं. तुमच्या ३५० मध्ये मागचा भाग फक्त ५० किलोचा धरलाय. शंभर किलोची बॅटरी झुकणाऱ्या केबिनमधून काढून तिथे बसवा आणि पुन्हा मांडा. झुकवायचं जडत्व कमी, धरून ठेवणारं वजन जास्त.

आणि कार्व्हरमध्ये चालक ‘किती झुकायचं’ हे ठरवत नाही. तो स्टीअरिंगला जोर लावतो, हायड्रॉलिक यंत्रणा त्या जोराची पुढच्या चाकात आणि झुकावात वाटणी करते. हळू असताना बहुतेक चाकाला, वेगात असताना बहुतेक झुकावाला. चालकाला दुचाकी येत असण्याची अट नाही. तुमच्या मोकळ्या झुकावाला ती आहे.

तिरपा_पाना

कार्व्हर वन काढणारी कंपनी २००९ मध्ये बुडाली, हेही सांगा.

चिखलगाडी

किमतीने बुडाली, झुकावाने नाही. पुढे त्याच तत्त्वावर विजेवरची कार्व्हर निघालीच की.

गणिती_गण्या

बॅटरी मागे नेल्याने सुधारणा होते, हे मान्य. पण खरा उतारा वजनात नाही, स्टीअरिंगमध्ये आहे. दुचाकीस्वार डावीकडे वळण्याआधी हँडल क्षणभर उजवीकडे देतो. चाकं उजवीकडे सरकतात, वरचं धड आपोआप डावीकडे पडतं. यात आसावर उलट टॉर्क येतच नाही, कारण ढकलणारा आहे रस्ता. वेगात हे काम स्टीअरिंगने करायचं, हळू असताना मोटरने, आणि मधल्या पट्ट्यात दोघांनी वाटून. अडचण एवढीच की यासाठी स्टीअरिंग आणि चाक यांच्यातला थेट दुवा सोडावा लागतो, आणि गाडी आधी थोडी चुकीच्या बाजूला जाते. गर्दीच्या लेनमध्ये तो वीतभर रस्ताही महाग.

रूळ_सोडून

रेल्वेने हे सगळं आधीच भोगलंय. ब्रिटिश रेल्वेची वळणात झुकणारी एपीटी गाडी डिसेंबर १९८१ मध्ये प्रवासी घेऊन धावली. झुकाव इतका अचूक की वळणाचा जोर अंगाला लागतच नव्हता. डोळ्यांना क्षितिज तिरकं दिसतंय, शरीराला काहीच कळत नाही, परिणामी लोकांना मळमळ. नंतर झुकाव मुद्दाम अपुरा ठेवणं हा शहाणपणा ठरला. इटलीच्या पेंदोलिनो रेल्वेगाड्या ८ अंशांपर्यंत झुकतात. स्पेनच्या ताल्गो या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या कंपनीने तर मोटरच नाकारली: डब्याचा टेकू गुरुत्वमध्याच्या वर घेतला, म्हणजे डबा पाळण्यासारखा आपोआप योग्य बाजूला झुलतो. तिचाकीला हे का नको?

गणिती_गण्या

तिचाकीत टेकू केबिनच्या वर न्यायचा तर छताला लटकावं लागेल. आणि मूळ फरक विसरू नका. रेल्वेत झुकाव प्रवाशाच्या कपातला चहा सांडू नये म्हणून असतो, रुळावरचा आडवा जोर तेवढाच राहतो. तिचाकीत झुकाव गाडी उलटू नये म्हणून आहे. तिथे ‘मुद्दाम अपुरा’ ठेवलेला प्रत्येक अंश उलटण्याच्या खात्यात जमा होतो. आलिशान गाड्यांचा २-३ अंशांचा वळण-झुकावही याच चहावाल्या घराण्यातला. २.५ अंशांनी फक्त ०.०४४ जी भागतो. खरा फायदा हा की गाडी बाहेर कलत नाही.

बाराचा_बोल्ट

घाटाचं नाव घेऊन झुकाव विकणाऱ्यांसाठी: आपल्या रस्त्यांच्या मानकात हेअरपिन वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर आणि डिझाइन वेग ताशी २० कि.मी. झुकाव येतो १३ अंश. त्यात रस्त्यालाच १० टक्के आडवा उतार दिला असेल तर उरले ७. घाटात ३० अंश लागतच नाहीत. झुकाव लागतो शहरात, ताशी ४० ने जाताना कोणी आडवं आलं की.

आणि प्रवासी रिक्षाला हे लावू नका. दोन माणसं मिळून १४० किलो, मध्यरेषेपासून पाव मीटर एका बाजूला बसली की ३४० न्यूटन-मीटरचा कल उभ्या गाडीतच. मोकळी जोडणी असेल तर सरळ रस्त्यावरही गाडी लंगडत चालेल. ही गाडी एका माणसाची, फार तर मागेपुढे दोघांची.

ग्रीसवाला

वर सगळे अंशांवर भांडताय, गाडी खिळखिळी होते सांध्यांत. समांतरभुज जोडणी बनवणाऱ्यांनी एवढं पाहावं.

हात वरचे-खालचे सारख्या लांबीचे हवेत, दोन-तीन मिलिमीटरचाही फरक नको. फरक पडला की झुकल्यावर दोन चाकं वेगवेगळ्या कोनात उभी राहतात आणि गाडी एका बाजूला ओढते.

सांध्यांत नायलॉनचे किंवा रबरी बुश घालू नका. वरच्या-खालच्या हातांत १५० मि.मी. अंतर असेल आणि साठून ०.३ मि.मी. प्ले (ढिलेपणा) आला तर चाक ०.११ अंश डुलतं. ऐकायला काही नाही, पण ताशी ५० ला हँडल थरथरतं ते यामुळेच. टेपर रोलर किंवा अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग जोडीने, प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) देऊन, दोन्ही बाजूंना दुहेरी ओठाचं सील. पहिल्या पावसाळ्यानंतर प्रीलोड पुन्हा तपासायचाच. चिखलाचं पाणी आधी खालच्या सांध्यात शिरतं.

टाय रॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) हा बहुतेकांचा घात. तो हातांना समांतर हवा आणि त्याचे बॉल जॉइंट हातांच्या सांध्यांच्या रेषेत हवेत. नाहीतर गाडी झुकवली की चाकं आपोआप वळतात. तपासायला सोपं: हँडल सरळ बांधा, गाडी स्टँडवर दोन्ही बाजूंना ३० अंश झुकवा, प्रत्येक वेळी दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं-मागचं वजा करून येणारा आकडा बदलला तर टाय रॉडची जागा चुकली. आधी हे, मग स्प्रिंग.

४२० मि.मी. रुंदीच्या गाडीत ४० अंशांना जमिनीवरचं अंतर ४२० च राहतं, पण दोन चाकांच्या प्रतलांमधलं अंतर ३२२ होतं. कॅलिपर, होज आणि मडगार्ड त्या ३२२ मध्ये बसतात का, हे झुकवून आणि हँडल पूर्ण वळवून पाहा. ब्रेकचा होज इथेच घासून फुटतो.

टायर गोल पाठीचे, म्हणजे दुचाकीचे. कारचे चपटे टायर १५ अंशांनंतर कडेवर उभे राहतात.

कुलूप लावताना नुसता झुकाव नाही, स्प्रिंगही कुलूपबंद करा. नाहीतर झुकाव पकडलेला असतो आणि गाडी शॉकअबवर डावी-उजवी डोलते. चालकाला वाटतं कुलूप बिघडलं.

तिरपा_पाना

@ग्रीसवाला, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवावा असा. आता मोटरवाल्यांना शेवटचा प्रश्न. वळणात ३० अंश झुकलेले असताना फ्यूज उडाला. पुढे काय?

चिखलगाडी

कशाने झुकवता त्यावर आहे. वर्मगिअर असेल तर तो आहे तिथेच अडकेल. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, गाडी अजून ३० अंशांत. सरळ आडवी होईल. म्हणून बाहेरच्या जोराने उलटा फिरू शकणारा बॉल-स्क्रू (मोटरचं फिरणं सरळ ढकलण्यात बदलणारा स्क्रू) आणि त्याच्या जोडीला झटका शोषणारा डँपर. करंट गेला की झुकाव मोकळा होतो.

तिरपा_पाना

म्हणजे करंट गेल्यावर तुमची गाडी माझी होते. फक्त तिच्यात बसलेल्याला दुचाकी येत नाही, कारण तशी अटच नव्हती.

गणिती_गण्या

म्हणून फ्यूज एक ठेवायचा नसतो. मोटरच्या दोन वेगळ्या वाइंडिंग, कोन मोजणारे दोन सेन्सर, आणि एक गेला की वेग ताशी २५ वर बांधायचा. सेन्सरमध्येही खोच आहे. आडवा जोर मोजणाऱ्या सेन्सरला खड्ड्यांचे झटके लागतात, ते गाळायला २ हर्ट्झचा फिल्टर लावला की ०.०८ सेकंद उशीर. स्टीअरिंग-कोन आणि वेगावरून झुकाव काढला तर उशीर नाही, पण ओल्या रस्त्यावर चाक घसरलं तरी गणित म्हणतं ‘वळतोय’ आणि गाडी फुकट झुकते. दोन्ही लागतात: स्टीअरिंगवरून अंदाज, सेन्सरवरून दुरुस्ती.

बाराचा_बोल्ट

म्हणजे दोन वाइंडिंग, दोन सेन्सर, बॉल-स्क्रू, डँपर. किंमत स्कूटरच्या किती पट झाली?

चिखलगाडी

स्कूटरशी का तुलना? कारशी करा. पावसात कोरडं बसायचंय त्याला.

ग्रीसवाला

वर्मगिअरला सरसकट नावं ठेवू नका. उभ्या गाडीचं कुलूप म्हणून, वेगात क्लचने सुटणारा असेल तर, तो तेलाच्या दाबाने झुकाव पकडणाऱ्या कॅलिपरपेक्षा बरा. कॅलिपरमधलं तेल रात्रभरात झिरपलं की सकाळी गाडी भिंतीला टेकलेली सापडते.

तिरपा_पाना

आणि तो क्लच सुटला नाही तर पुन्हा ताशी १५. स्प्रिंगने सुटणारा आणि करंटने लागणारा क्लच असेल तरच.

ग्रीसवाला

मग रात्रभर पार्किंगमध्ये करंट चालू ठेवणार? साधा स्टँड लावा.