इंटेलिजन्स ६ घेतलाय ना, मग कोडं तुझ्या कॅरेक्टरने का सोडवायचं?

धागाकर्ता: आम्ही डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो, २०१४ ची पाचवी एडिशन, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक कॅरेक्टर चालवायचं, त्याची ताकद, अक्कल सगळं आकड्यात. एकाने फासे टाकून बार्बेरियन (रानटी योद्धा) बनवला, सगळ्यात कमी आलेला ६ इंटेलिजन्सला, म्हणजे अकलेला टाकला. परवा दरवाज्यावर कोडं कोरलेलं होतं ते याने अर्ध्या मिनिटात सोडवलं आणि विझर्डवाली (जादूगार खेळणारी), जिचा इंटेलिजन्स १८ आहे, ती नुसती बघत बसली. मला नाही पटलं. ताकद ६ असती तर याला दरवाजा फोडू दिला असता का कोणी? मग अक्कल ६ असताना डोकं का चालवू द्यायचं?

प्रतिसाद १: अजिबात सहमत नाही. माणूस वेळ काढून खेळायला येतो तो काय तोंड मिटून बसायला? कोडं डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) खेळाडूंना घातलं होतं. कॅरेक्टरची अक्कल मोजायची तर इन्व्हेस्टिगेशनचा (शोध-तर्काचा) रोल घ्या, फासा टाकायला लावा, ६ ला त्या आकड्यातून -२ आहेच, तोटा तिथे भरला की त्याने, परत गप्प बसून का भरायचा?

प्रतिसाद २: आधी आकडे बघा. इंटेलिजन्स ८ म्हणजे फक्त -१, वीस बाजूंच्या फाशावर ५ टक्क्यांचा फरक. तीन साधे फासे टाकले तर ८ किंवा त्याखाली साधारण चारात एकदा येतं. तरी लोक ८ वाला घेतात आणि "मी मारणार, मी खाणार" सुरू. अरे ओगर राक्षसाचा ५ असतो, त्याला दोन भाषा येतात! माझ्या घरात शिकायला वेळ लागणारं माणूस आहे, ते असं बोलत नाही, मला हे ऐकताना त्रास होतो.

धागाकर्ता: बोबडं बोल असं मी म्हणतच नाहीये. जुना इतिहास, जादूची अक्षरं, कोडी हे त्याला जमू नये एवढंच. विजडम (माणसं ओळखायची समज) वेगळा, तो याचा १४ आहे, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय हे त्याला विझर्डच्या आधी कळू दे ना, ते खेळ की मनापासून.

प्रतिसाद ३: मी ७ वाला फायटर दीड वर्ष खेळलोय. उत्तर सुचलं की मी ते टेबलवर विझर्डवाल्याला सांगतो, गेममध्ये ते त्याचं कॅरेक्टर बोलतं, माझा फायटर तोवर दरवाज्याला खांदा लावून बघतो. मजा कुठेच कमी होत नाही. आणि आकडा स्वतःहून पण चावतो, माइंड फ्लेयर राक्षसाच्या माइंड ब्लास्ट हल्ल्यातून वाचायला इंटेलिजन्सच्या रोलमध्ये १५ गाठायचे असतात, -२ वाल्याला फाशावर १७ लागतात, नाही आले तर जास्तीत जास्त मिनिटभर सुन्न. मला उचलून पळाले होते सगळे.

प्रतिसाद १: उत्तर दुसऱ्याला देणं चांगलंय, मान्य. पण ते खेळाडूने आपणहून करावं, डीएमने "तुला हे सुचणार नाही" म्हणून तोडलं तर मी त्या टेबलवर परत बसणार नाही.

धागाकर्ता: तोडायला मीही नाही म्हणत, त्याच्याशी बोलतो. पण विझर्डवालीने १८ ठेवलाय तो कशासाठी, तिला डीएमने रोल न मागता आधी एखादी खूण द्यायला पाहिजे होती, ती घरी जाताना एक शब्द बोलली नाही.