गाडीच्या आतला चिकट झालेला ट्रिम घरीच रंगवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२०१२ची सेकंडहँड सेडान आहे, राहायला परभणीत. इंजिन ठणठणीत, पण आतून गाडी बघवत नाही. दारांच्या हँडलभोवतीचा काळा भाग, काचेच्या बटणांची पट्टी, गिअरभोवतीची फ्रेम, सगळं चिकट झालंय. या भागांवर रबरासारख्या मऊ रंगाचा थर असतो. उष्णता अन् दमटपणानं तो काही वर्षांत कुजतो. त्यात गाडी उघड्यावर, आणि इथला मे महिना तर तुम्हाला माहितीच आहे. बायकोच्या पांढऱ्या ओढणीला दाराचा काळा डाग लागला, तेव्हापासून घरात हा विषय पेटलाय.

एका सीट कव्हरवाल्यानं 'वरून कार्बन फायबरचं स्टिकर मारून देतो' म्हणून सांगितलं. चिकट थरावरच! खालचा थर सुटला की स्टिकरही त्याच्यासोबत येणार, त्यामुळं नको म्हटलं.

एका दाराची पट्टी काढून बघितली. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओल्या केलेल्या कापडानं घासलं की थराच्या काळ्या गोळ्या होऊन निघतात, खाली कडक प्लास्टिक लागतं. (जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात, पण हे अल्कोहोल मागितलं की दुकानदार आपल्याकडं बघतच राहतो. शेवटी ऑनलाइन मागवलं.) पट्टीच्या मागं 'एबीएस' कोरलंय, हँडलच्या फ्रेमवर मात्र 'पीपी', म्हणजे दोन वेगळ्या जातींचं प्लास्टिक. इथंच अडलोय.

पीपीवर साधा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) धरत नाही, आधी अ‍ॅडहेजन प्रमोटर (रंगाला प्लास्टिकवर धरून ठेवणारा थर) मारावा लागतो एवढं वाचलंय. मग दोन्हीवर तोच मारला तर चालतं का? दुसरं म्हणजे फ्रेमवर चामड्यासारखी बारीक नक्षी आहे. पॉलिश पेपर मारला तर ती जाणार, नाही मारला तर रंग धरणार कसा? आणि काम आत्ता उन्हाळ्यात करावं की थांबावं? 'शोरूमला नेऊन नवीन टाका' हा सल्ला कृपया नको, भाव विचारून आलोय.

उत्तर (लातूरहून)

भाऊ, प्रमोटर एबीएसवर मारला तरी बिघडत नाही, फक्त पातळ हात मारा अन् डब्यावर लिहिलेल्या वेळेतच पुढचा कोट द्या. नक्षीवर पेपर लावूच नका. राखाडी स्कॉचब्राइट (रंगकामाची बारीक घासणी) अन् भांड्याच्या साबणाचं पाणी घेऊन हलक्या हातानं घासा, चमक गेली की बस. भांडी घासायची हिरवी घासणी नको, ओरखडे रंगातून दिसतात. पूर्वी कुणी डॅशबोर्ड पॉलिश मारलं असेल तर त्यातलं सिलिकॉन आधी नीट धुऊन काढा, नाहीतर रंग जागोजागी फाटून गोल खड्डे पडतात. आणि पेंटच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर एबीएसला लावू नका, प्लास्टिकच विरघळतं.

दुपारच्या गरम वाऱ्यात स्प्रे पोचायच्या आधीच सुकतो, हात फिरवला तर खरखरीत लागतो. पावसाळ्यात लॅकर (लवकर सुकणारा रंग) पांढरट पडतो. उन्हाळ्यातच करायचं तर भल्या सकाळी, वारं सुटायच्या आत, फरशीवर पाणी मारून. वीसेक सेंटीमीटरवरून पातळ कोट, मधे दहा-पंधरा मिनिटं. रंग मॅटच घ्या.

उत्तर (नांदेडहून)

वरचं सगळं बरोबर, पण बटणं जपा. रात्री उजेड येणाऱ्या बटणांवरची चिन्हं बहुतेक वेळा वरच्या रंगातच कोरलेली असतात. अल्कोहोलनं तो रंग गेला की चिन्हही जातं अन् अख्खं बटण पेटलेलं दिसतं. बटणं काढून ठेवा. पट्ट्या काढायच्या आधी गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा, क्लिपा मऊ होतात, तुटत नाहीत. एअरबॅगच्या झाकणाला मात्र रंग लावायचा नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बटणं वाचली म्हणायचं, पट्टीपुरतंच घासलं होतं. आता एकच: थर काढल्यावर एबीएसची पट्टी तशीच बरी दिसतेय. न रंगवता ठेवली तर उन्हानं पांढरी पडेल का?

उत्तर (लातूरहून)

हळूहळू पडेल. पण चिकटणार नाही, वहिनींना तेवढं पुरे. पट्टी तशीच लावा, रंग फक्त फ्रेमला मारा.