मदत हवी आहे: चर्चचा निधी कोळसा-तेलातून कसा काढावा?
नमस्कार मंडळी. हिशेब चाळताना लक्षात आलं की आमच्या चर्चच्या निधीतला काही भाग फंडांमार्फत कोळसा आणि तेल कंपन्यांत गुंतलेला आहे. या इंधनांमुळे हवामान बदलतंय, म्हणून तो काढून घ्यावा असा ठराव पुढच्या सभेत मांडायचाय. जागतिक चर्च परिषदेने २०१४ मध्येच अशी गुंतवणूक नको असं ठरवलं. चर्च ऑफ इंग्लंडने आधी कंपन्यांशी बोलून पाहिलं, आणि २०२३ मध्ये शेल, बीपीसकट मोठ्या तेल कंपन्यांतून अंग काढून घेतलं. आमचे खजिनदार मात्र 'भागधारक राहूनच दबाव आणू' म्हणतात. (तेच करून इंग्लंडवाले दमले, पण हे त्यांना पटत नाही.) पाळकांच्या पेन्शनची त्यांची काळजी मात्र खरी आहे. कुणी असा ठराव मंजूर करून घेतलाय का? परताव्याच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत?