शब्दचर्चा : लाइनबॅकरची ‘मानसिक दुर्बलता’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडूंची मूल्यमापने मराठीत लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. अमेरिकेत वाढणारी मराठी घरांतली मुले हा खेळ आवडीने पाहतात आणि घरातल्या मोठ्यांनाही तो समजून घ्यायचा असतो, हे त्यामागचे कारण. लाइनबॅकर या जागेवरच्या खेळाडूविषयी तिकडे लिहिले जाते तेव्हा शरीराची बलस्थाने आणि मनाच्या उणिवा असे दोन भाग जवळजवळ ठरलेलेच असतात. पहिल्यासाठी मी ‘शारीरिक क्षमता’ आणि दुसऱ्यासाठी ‘मानसिक दुर्बलता’ हे शब्द योजले. आयझाया सिमन्स या खेळाडूविषयी लिहिताना मात्र ‘त्याची शारीरिक क्षमता अफाट आहे, परंतु त्याच्यात मानसिक दुर्बलता आहे’ हे वाक्य मला खटकले. त्याऐवजी काय लिहावे? आणि ‘लाइनबॅकर’लाही प्रतिशब्द घडवावा का?

उत्तर

आपल्याला ते वाक्य खटकले हे योग्यच झाले. ‘मानसिक दुर्बलता’ असे वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर खचलेला, भित्रा किंवा आजारी माणूस उभा राहतो, आणि लाइनबॅकरच्या मूल्यमापनात बहुतेक वेळा यांपैकी काहीही म्हणायचे नसते. नेमका शब्द हवा असेल तर या खेळाडूचे काम आधी नीट पाहिले पाहिजे.

बचाव करणाऱ्या संघाची पहिली फळी प्रतिस्पर्ध्यांच्या अगदी समोर असते आणि लाइनबॅकर तिच्या मागे काही यार्डांवर उभा राहतो. चेंडू घेऊन कोणी धावत आला तर पुढे घुसून आपल्या वाट्याची फट बुजवायची, आणि चेंडू हवेतून फेकला जाणार असेल तर मागे हटून मोकळी जागा झाकायची, अशी दोन विरुद्ध दिशांची कामे एकाच माणसाकडे असतात. चेंडू कुठे जातो ते पाहून मग ठरवू म्हटले तर उशीर झालेला असतो. म्हणून तो समोरच्या रांगेतल्या गार्डच्या, म्हणजे आपल्या चेंडूवाल्याला वाट करून देणाऱ्या खेळाडूच्या, हालचालीवर लक्ष ठेवतो. गार्ड खाली वाकून जोराने पुढे आला तर बहुधा धाव येणार असते. तो ताठ होऊन मागे सरकला तर बहुधा फेक. आणि तो रांग सोडून बाजूला निघाला तर चेंडूही त्याच बाजूला जाण्याचा संभव अधिक. आक्रमण करणाऱ्या संघालाही हे सारे ठाऊक असते. त्यामुळे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा त्यांचा सूत्रधार, चेंडू धावणाऱ्याच्या हाती दिल्याचा आव आणतो, लाइनबॅकर दोन पावले पुढे येतो आणि त्याच्या पाठीमागे रिकाम्या झालेल्या जागेत चेंडू फेकला जातो. खो-खो आणि कबड्डीच्या वृत्तांतांत रुळलेला ‘हूल’ हा शब्द येथे अचूक बसतो. ‘फसवी डावपेचात्मक कृती’ असे काही लिहिण्याची गरज नाही.

आता आपल्या दोन भागांकडे वळतो. ‘शारीरिक क्षमता’ हा शब्द चुकीचा नाही, पण फार ढोबळ आहे. संघ दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी आळीपाळीने नवे महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. इंडियानापोलिस येथे या निवडीपूर्वी होणाऱ्या चाचण्यांत ४० यार्डांची, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरची धाव असते. जागेवरून उंच उडी आणि लांब उडी असते. शंकूंभोवती वळणे घेत धावायचे असते. आणि २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोंचे वजन आडवे झोपून जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा उचलायचे असते. मराठीत यांना निरनिराळे शब्द आहेत आणि ते निरनिराळेच वापरावेत. सरळ धावेत दिसतो तो वेग, वळणांत दिसते ती चपळाई, उडीत दिसते ती झेप आणि वजन उचलण्यात दिसते ती ताकद. लाइनबॅकरच्या बाबतीत वेग आणि चपळाई यांतला फरक फार महत्त्वाचा असतो, कारण सामन्यात त्याला ४० यार्ड सरळ रेषेत धावण्याची वेळ क्वचितच येते. पाच-सात यार्डांत थांबणे, वळणे आणि पुन्हा सुटणे हेच त्याला सतत करावे लागते.

दुसऱ्या भागाला तर एक शब्द पुरणारच नाही, असे माझे मत आहे. गार्डच्या हालचालीचा अर्थ न लागणे ही खेळाच्या जाणेतली उणीव झाली. अर्थ लागतो, पण पाऊल अर्धा क्षण उशिरा पडते, ही निर्णयाच्या वेगातली उणीव झाली. अर्थही लागतो, पाऊलही वेळेवर पडते, परंतु रागाच्या भरात नियम मोडला जातो, तेव्हा उणीव संयमाची असते. आणि चार चुका झाल्यावर खांदे पडतात, तेव्हाच मनोबलाविषयी बोलणे योग्य ठरते. ‘मानसिक दुर्बलता’ हा शब्द शेवटच्या गोष्टीलाच काय तो लागू पडतो, तोही कसाबसा.

सिमन्सचे उदाहरण आपण चांगले निवडले आहे, कारण त्याच्या शरीराविषयी दुमत नव्हते. सुमारे १९३ सेंटिमीटर उंच आणि १०८ किलो वजनाच्या या खेळाडूने २०२० साली ४० यार्ड ४.३९ सेकंदांत पार केले. इतक्या वजनाचा माणूस इतका वेगाने धावतो हे पाहून जाणकारही थक्क झाले होते. क्लेम्सन विद्यापीठाकडून तो बचावातल्या अनेक जागांवर खेळला होता आणि सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनबॅकरला मिळणारे बट्कस पारितोषिक त्याला २०१९ साली मिळाले होते. अॅरिझोना कार्डिनल्सने त्याला आठव्या क्रमांकावर निवडले. पहिल्याच सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या रहीम मोस्टर्टने त्याच्या हातून निसटून ७६ यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला. परंतु त्याच ऑक्टोबरमध्ये सिअॅटलविरुद्ध जादा वेळेत रसेल विल्सनची फेक याच सिमन्सने मध्येच झेलली आणि संघाने सामना ३७-३४ असा जिंकला. मनाने दुबळा माणूस त्या क्षणी तेथे उभा राहू शकला नसता.

मग त्याच्यात कमी काय होते? याला मराठीत एक साधा शब्द आहे: तो ‘कच्चा’ होता. ‘चाल ओळखण्यात कच्चा’, ‘हूल पारखण्यात कच्चा’ असे लिहावे. ‘गणितात कच्चा’ म्हणताना आपण मुलाच्या मनाला नावे ठेवत नाही, त्या विषयाची तयारी झालेली नाही एवढेच सांगतो, आणि ती होऊ शकते हेही त्या शब्दात येते. मूल्यमापन करणाऱ्याला बहुतेक वेळा नेमके हेच सांगायचे असते.

‘लाइनबॅकर’ तसाच ठेवावा. कबड्डीतल्या ‘मध्यरक्षका’चा किंवा ‘कोपरारक्षका’चा आधार घेऊन एखादा शब्द घडवता येईल, पण आपले वाचक हा खेळ पडद्यावर पाहणार आहेत आणि समालोचनात त्यांच्या कानावर ‘लाइनबॅकर’च पडणार आहे. तो घडवलेला शब्द त्यांना प्रत्येक वेळी मनातल्या मनात उलटा फिरवावा लागेल.

आणखी एक मत

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु त्यात एका शब्दाचा विचार राहून गेला आहे. तिकडच्या लिखाणात ज्याला लाइनबॅकरची ‘सहजप्रेरणा’ म्हणता येईल अशा गुणाचा वारंवार उल्लेख येतो आणि मराठीत त्याचे ‘उपजत बुद्धी’ असे रूपांतर करण्याचा मोह होतो. तो टाळावा. उपजत म्हणजे जन्मतः आलेले. लाइनबॅकरच्या बाबतीत जे उपजत वाटते, ते पुष्कळदा चित्रफिती पुनःपुन्हा पाहून आणि सरावात घोटून अंगी मुरवलेले असते.

ल्यूक कीकली याचे नाव येथे घ्यावे लागेल. कॅरोलायना पँथर्सने त्याला २०१२ साली नवव्या क्रमांकावर घेतले आणि दुसऱ्याच हंगामात, २०१३ मध्ये, तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. चेंडू हलण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांची चाल ओळखून ती मोठ्याने सहकाऱ्यांना सांगणारा खेळाडू म्हणून तो प्रसिद्ध होता. यात दैवी असे काही नव्हते. समोरचे खेळाडू कसे उभे आहेत, कोणता खेळाडू कोणत्या बाजूला सरकला, किती यार्डांची गरज आहे, यांवरून पुढची चाल ‘हेरणे’ हे अभ्यासाचे फळ होते. ‘हेरणे’ हे क्रियापद मला येथे सर्वांत योग्य वाटते, कारण त्यात पाहणे, ओळखणे आणि दबा धरून राहणे या तिन्ही अर्थच्छटा एकत्र येतात.

झॅक थॉमसचे उदाहरण आपल्या दोन भागांना छेद देणारे आहे. त्याची उंची जेमतेम १८० सेंटिमीटर, म्हणून १९९६ साली मायामी डॉल्फिन्सने त्याला निवडले ते थेट पाचव्या फेरीत. पुढे तो २०२३ साली फुटबॉलच्या सन्मानदालनात दाखल झाला. त्याच्याविषयी ‘शरीराने कमी, डोक्याने भारी’ असे लिहिणे सोपे आहे, पण तेही मला अपुरे वाटते. चाल आधी हेरता आली की धावण्याचे अंतरच कमी होते, आणि मग तोच माणूस मैदानावर वेगवान दिसतो. खेळाची जाण शरीराच्या वेगात अशी मिसळून जाते, म्हणून ‘शारीरिक’ आणि ‘मानसिक’ अशी काटेकोर विभागणी करताना थोडे थबकावे.

‘बौद्धिक’ हा शब्दही जपून वापरावा. निवडीपूर्वीच्या चाचण्यांत पूर्वी वंडरलिक नावाची लेखी परीक्षा असे, ज्यात १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असत. २०२२ पासून ती तेथून काढून टाकण्यात आली. कागदावरचे कोडे सोडवणे आणि सरकणाऱ्या गार्डवरून चाल हेरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा लाइनबॅकर हुलीला वारंवार फसतो म्हणून त्याला ‘बुद्धीने कमी’ म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्नकर्त्याकडून

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. आता संयमाविषयी विचारतो. व्हॉन्टेझ बर्फिक्ट या लाइनबॅकरविषयी लिहायचे आहे. तेथे ‘बेशिस्त’ लिहावे, ‘तापट’ लिहावे की ‘अतिआक्रमक’?

उत्तर

बर्फिक्टच्या बाबतीत खेळाची जाण आणि संयम यांची फारकत स्पष्ट दिसते. २०१२ साली ४० यार्डांच्या धावेत त्याला ५.०९ सेकंद लागले, कोणत्याही संघाने त्याला निवडले नाही, आणि तरीही २०१३ च्या हंगामात सिनसिनाटी बेंगॉल्सकडून १७१ टॅकल करून, म्हणजे इतक्या वेळा चेंडूवाल्याला पाडून, तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. म्हणजे आपल्या पहिल्या भागात तो उणा होता आणि चाल हेरण्यात पक्का होता. उणीव होती ती अन्यत्र. जानेवारी २०१६ मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात बेंगॉल्स १६-१५ असे पुढे असताना, अवघे काही सेकंद उरलेले असताना, त्याने अँटोनियो ब्राउनच्या डोक्याला धडक दिली. त्याबद्दल १५ यार्डांचा दंड झाला, पाठोपाठ सहकारी अॅडम जोन्सच्या वर्तनाबद्दल आणखी १५ यार्ड गेले, आणि पिट्सबर्गने किक मारून सामना १८-१६ असा जिंकला. पुढे २०१९ साली ओकलंड रेडर्सकडून खेळताना अशाच एका धडकेबद्दल त्याला उरलेल्या संपूर्ण हंगामासाठी निलंबित करण्यात आले.

‘बेशिस्त’ हा शब्द येथे नेमका नाही, कारण मराठीत तो उशिरा येणाऱ्या किंवा सरावाला दांडी मारणाऱ्या खेळाडूलाही लागतो. याउलट, हुलीला फसून आपली जागा सोडणाऱ्याला काही जण ‘बेशिस्त’ म्हणतात, तेही सैल वाटते. तेथे ‘जागा सोडतो’ एवढे साधे वाक्य पुरते. ‘तापट’ हा स्वभावाचा निवाडा झाला आणि तो दुरून करू नये. ‘अतिआक्रमक’ म्हटले की त्यात कौतुकाची छटा शिरते, कारण क्रिकेटच्या वृत्तांतांमुळे ‘आक्रमक’ हा आपल्याकडे गुण झालेला आहे. मी ‘संयम सुटतो’ असे क्रियापदाने लिहीन आणि लगेच प्रसंग देईन. दोष नामात घातला की तो माणसाला कायमचा चिकटतो. क्रियापदात ठेवला की तो त्या प्रसंगापुरता राहतो.

याच ठिकाणी ‘मानसिक दुर्बलते’विरुद्धचे माझे सर्वांत गंभीर कारण सांगतो. लाइनबॅकर हा सतत धडका देणारा आणि घेणारा खेळाडू असतो. कीकलीने मेंदूला पुन्हापुन्हा मार बसल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, निवृत्ती पत्करली. सॅन दिएगोचा थोर लाइनबॅकर ज्युनिअर सेऊ याने २०१२ मध्ये जीवन संपवले, आणि पुढच्या वर्षी त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या आघातांमुळे होणारा विकार आढळला. या खेळात मनाचे आणि मेंदूचे खरे आजार हा जिवंत प्रश्न आहे. अशा वेळी चाल ओळखण्यातल्या कच्चेपणाला ‘मानसिक दुर्बलता’ म्हटले, तर खऱ्या आजाराविषयी लिहिण्याची वेळ येईल तेव्हा आपल्यापाशी शब्द उरणार नाही, आणि आजारी माणसाकडे ‘दुर्बल’ म्हणून पाहण्याची सवय मात्र वाढेल.

प्रश्नकर्त्याकडून

सिमन्सविषयीचा मजकूर मी असा बदलला आहे: ‘वेग, झेप आणि उंची या तिन्ही बाबतीत त्याच्या तोडीचे लाइनबॅकर थोडे. परंतु कार्डिनल्सकडे असताना तो हूल ओळखण्यात कच्चा राहिला आणि निर्णयाला त्याला अर्धा क्षण अधिक लागत असे.’

उत्तर

आता मजकूर नीट झाला आहे. फक्त ‘कच्चा राहिला’ या शब्दांमुळे सारा भार एकट्या खेळाडूवर पडतो, म्हणून त्यापुढे आणखी एक वाक्य जोडावे असे सुचवतो. २०२० साली महामारीमुळे हंगामापूर्वीचे सराव सामने झालेच नाहीत आणि नवख्या खेळाडूंना मैदानावरची तयारी फार थोडी मिळाली. शिवाय संघाने त्याला कधी लाइनबॅकर, तर कधी मागच्या फळीत असे फिरवत ठेवले. संघाने त्याच्या कराराचे पाचवे, संघाच्या मर्जीवर असलेले वर्ष नाकारले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या हक्काच्या बदल्यात त्याला न्यूयॉर्क जायंट्सकडे धाडले, हेही त्याच परिच्छेदात द्यावे. ‘कच्चा राहिला’ऐवजी ‘पक्का होऊ शकला नाही’ असे लिहिल्यास या दोन्ही गोष्टींना वाक्यात जागा मिळेल.