15 वर्षांची बीएमडब्ल्यू 530डी रिमॅप करून घ्यावी, की ती देऊन नवी व्हर्टस जीटी घ्यावी?

पंचगंगा_काठ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. दोन महिने घोळ चाललाय डोक्यात, म्हणून सविस्तरच लिहितो.

घरी 2011 ची बीएमडब्ल्यू 530डी आहे, एफ10 मॉडेल. वडिलांनी नवीच घेतलेली, एमएच 09 पासिंग. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, 245 हॉर्सपॉवर, 540 न्यूटन-मीटर टॉर्क, झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. सव्वा लाखाच्या आतबाहेर रनिंग. वडील आता लांबचं ड्रायव्हिंग करत नाहीत, त्यामुळे गाडी माझ्याच हातात असते. रोज शिरोली एमआयडीसीत जायला वेगळी छोटी गाडी आहे. ही निघते ती पुण्याला, नाहीतर आंबोलीमार्गे सावंतवाडी-गोव्याला.

गाडीला यंदा 15 वर्षं पूर्ण होतायत, म्हणजे आरसी रिन्यू करायची वेळ आली. तेवढ्यात एका ट्यूनरने कोटेशन दिलंय: रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) करून 300 हॉर्सपॉवर, खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, 19 इंची अलॉय, मोठा एक्झॉस्ट, सगळं मिळून चार लाखांच्या आसपास. दुसरीकडे घरचे म्हणतात, एवढे पैसे जुन्या गाडीत घालण्यापेक्षा ही देऊन टाक आणि नवीन घे. मला फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी 1.5 आवडते, ट्रायलही मारून आलो. ऑन-रोड वीस-बावीस लाख होतील. जुनीचे सहा-सात लाख येतील असं डीलर म्हणतो.

सध्याच्या तक्रारी: खराब रस्त्यावर पुढून खडखड येते. शंभरच्या स्पीडला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. एसी, इंजिन, गिअरबॉक्स ठीक. आमचे मिस्त्री म्हणाले, "इंजिन ठणठणीत हाय, पण खालचं सगळं ढिल्लं झालंय."

मला घाटात गाडी चालवायला मनापासून आवडतं. ज्यांनी असा निर्णय प्रत्यक्ष घेतलाय त्यांनी कृपया सांगा.

---

सरळसहा (पुणे)

माझ्याकडे हीच गाडी आहे, हेच इंजिन, तुमच्यापेक्षा जास्त चाललेली. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकणार हे आधीच धरून चाला.

पहिली गोष्ट. तुम्ही पॉवर वाढवायचा विचार करताय, पण ती तुमच्याकडे आधीच आहे. 530डी कंपनीच्या आकड्यानुसार शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांच्या आत जाते. व्हर्टस जीटीचं 1.5 टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन म्हणजे 150 हॉर्सपॉवर, 250 न्यूटन-मीटर. ती हलकी आहे, साडेबाराशे किलोच्या आसपास, आणि आपली 1700 च्या वर. तरीही टनामागे हिशोब केला तर तिचे 120 आणि आपले 144 हॉर्सपॉवर होतात, कुठलाही रिमॅप न करता. वीस-बावीस लाखांत मिळणारी कुठलीही नवी सेदान सरळ रस्त्यावर हिला मागे टाकणार नाही. म्हणजे नवी घेतलीत तर वेगासाठी घेऊ नका. वॉरंटी आणि बिनघोरपणा हवा असेल तर घ्या, ते कारण चांगलं आहे.

आता ट्यूनरच्या यादीबद्दल. त्यात एकही वस्तू अशी नाही जिच्यामुळे तुमची खडखड थांबेल किंवा थरथर जाईल. खाली बसवणाऱ्या स्प्रिंग तर अजिबात नकोत. हिचा ग्राउंड क्लिअरन्स मुळातच कमी. आपल्याकडच्या गावागावांतल्या स्पीडब्रेकरवर आत्ताच पोट घासत असेल. 19 इंची चाकं घातली की टायरची भिंत आणखी बारीक होते आणि प्रत्येक खड्डा थेट रिमला बसतो.

थरथर ऐकून बहुतेक गॅरेजवाले आधी डिस्क बदलायला सांगतात. डिस्क बघाच, पण त्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन पुढच्या थ्रस्ट आर्मचे बुश (जोडावरचे लवचीक तुकडे) बघा. हा चाकाला पुढच्या बाजूने धरून ठेवणारा वाकडा आर्म. याच्या आतल्या टोकाचा बुश साधा रबरी नाही, त्यात द्रव भरलेला असतो. रबर फाटलं की द्रव झिरपतो आणि आर्मवर काळपट तेलकट ओघळ दिसतो, त्यावर धूळ बसून चिखलासारखा थर जमतो. टॉर्च मारला की लगेच लक्षात येतं. मग ब्रेक दाबल्यावर चाक दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे होतं आणि ते हातात जाणवतं. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. दोन्ही बाजूंचे आर्म, शॉकअब्सॉर्बरचे वरचे माउंट आणि स्टॅबिलायझरच्या लिंक बदलल्या, चारही शॉकअब्सॉर्बर नवे टाकले, अलाइनमेंट केली. कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या मूळ उत्पादकांचा माल बाहेरून मागवला की शोरूमपेक्षा बराच स्वस्त पडतो. बीएमडब्ल्यूचा ठसा नसतो एवढंच. आपल्या कामाला ट्यूनरच्या कोटेशनच्या निम्मे पैसेही लागू नयेत.

हे झाल्यावर ताम्हिणीत गाडी नेली तेव्हा वळणावर स्टिअरिंग पकडल्यावर जो विश्वास आला, तो कुठल्याही रिमॅपने आला नसता. लांब बॉनेट, मागच्या चाकांना पॉवर, आणि वळण संपता संपता हलकेच ॲक्सिलरेटर दिला की गाडी मागून ढकलली जातेय हे कमरेला कळतं. घाटाची आवड असेल तर हा अनुभव पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मिळत नाही.

यानंतर गिअरबॉक्स. शोरूमवाले म्हणतात तेल आयुष्यभराचं आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला बदलायला सांगते. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, पूर्ण पॅन बदलावा लागतो. तुमच्या रनिंगला तेल बदललं नसेल तर याच महिन्यात करा.

टायमिंग चेन. या इंजिनात ती मागच्या बाजूला आहे, गिअरबॉक्सच्या अंगाला. बदलायची वेळ आली तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तेच या गाडीतलं सगळ्यात महाग काम. चार सिलिंडरच्या 520डीच्या एन47 इंजिनाची याबाबतीत जास्त बदनामी झाली, आपलं एन57 तुलनेने बरं. तरीही सकाळी थंड इंजिन सुरू करून बॉनेट उघडा ठेवा आणि काचेच्या बाजूला कान लावा. खरखरीत, घासल्यासारखा आवाज असेल तर आधी माहितगार माणसाला दाखवा आणि तोवर गाडीत पैसे घालू नका. आवाज नसेल तर तेल दर 10 हजारांना बदलत राहा, कंपनीच्या लांब अंतरावर जाऊ नका.

थर्मोस्टॅटही बघून घ्या. तो उघडा अडकला की इंजिन नीट तापतच नाही, आणि डॅशबोर्डवर कूलंटच्या तापमानाचा काटाच नसल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. स्कॅनरवर कूलंटचं तापमान हायवेला 85 अंशांच्या बरंच खाली राहत असेल तर बदला.

आणि रिमॅप? हे सगळं झाल्यावर वर्षभर गाडी चालवा, मग विचार करा. गिअरबॉक्स 700 न्यूटन-मीटरपर्यंतचा आहे, त्यामुळे तो सौम्य रिमॅप सहन करतो. कंपनीनेच 2011 मध्ये हीच गाडी 258 हॉर्सपॉवर आणि 560 न्यूटन-मीटर केली होती. पण माझी अजून स्टॉक (कंपनीतून आली तशीच) आहे आणि मला कमी पडलेली नाही.

---

पॉलिसी_वाचा (सातारा)

मी मोटर क्लेमचं सर्व्हे काम करतो, म्हणून फक्त कागदाबद्दल बोलतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. 2019 च्याच दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठा एक्झॉस्ट रस्त्यावर लगेच पकडला जातो. रिमॅप बाहेरून दिसत नाही हे खरं, पण मोठ्या अपघाताचा क्लेम आला की आम्ही गाडी नीट तपासतो, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला की क्लेम अडतो. ज्या अपघातात समोरच्याला दुखापत झालेली असते तिथे हा धोका कोणी पत्करू नये, असं मला मनापासून वाटतं.

झिजलेला आर्म, शॉकअब्सॉर्बर, ब्रेक त्याच मापाचे नवीन टाकणं हा बदल नाही, ती दुरुस्ती आहे. त्यात काहीच अडचण नाही.

आरसीसाठी फॉर्म 25, मुदत संपायच्या आधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो. कारला फी 5 हजार, वर पर्यावरण कर, आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे लोक घाबरून जुन्या डिझेल मिळेल त्या भावात काढतायत. महाराष्ट्रात तसा नियम नाही. मात्र त्या बंदीमुळे किंमत पडलीय हे नक्की, त्यामुळे डीलरचे सहा-सात लाख हातात पडेपर्यंत धरू नका. तपासणी आधी उरकून मग एक्झॉस्ट लावा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. आणि स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेली असेल तर मी स्वतः त्या गाडीत बसणार नाही.

---

गंगापूर_रोड (नाशिक)

मी वेगळं सांगते, कारण मी हाच प्रश्न उलट बाजूने सोडवला.

आमच्याकडे जुनी जर्मन सेदान होती. 2023 मध्ये ती दिली आणि व्हर्टस जीटी प्लस मॅन्युअल घेतली. सरळसहा म्हणतात ते आकडे बरोबर आहेत, पण गाडी फक्त आकड्यांवर वापरत नाही आपण. आमची जुनी एकदा रात्री कसारा घाटाच्या तोंडाशी बंद पडली. सोबत सासूबाई आणि मुलगी. पार्ट नाशिकमध्ये नव्हताच, मुंबईहून यायला आठवडा गेला, आणि गाडी कोणाच्या भरवशावर सोडायची हाच प्रश्न होता. पुण्यात राहणाऱ्याला गॅरेजांचा पर्याय आहे, कोल्हापुरात तुमच्या मिस्त्रींकडे या गाडीचा पूर्ण स्कॅनर आहे का हे आधी विचारा.

व्हर्टसबद्दल खरं सांगायचं तर ही रोज चालवावीशी वाटणारी गाडी आहे. सहा गिअरचा हलका शिफ्ट, दोन हजार आरपीएमच्या खालीच टर्बोची खेच, आणि 179 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, त्यामुळे त्र्यंबकच्या रस्त्यालाही मी दचकत नाही. हायवेला सावकाश चाललं की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, ॲव्हरेज छान मिळतं. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे आहेत. मागे ड्रम ब्रेक आहेत, ते मला खटकतं. पाचशे किलोमीटर सलग चालवल्यावर जुन्या सेदानच्या सीटची आणि शांततेची आठवण येते, तेही खरं. डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक, घेणार असाल तर तो कोरड्या क्लचचा सात गिअरचा आहे. गर्दीत रांगत चालवायचं असेल तर मॅन्युअलच घ्या, घाटातही मॅन्युअलच जास्त मजा देतो.

माझं मत: घरी एकच मोठी गाडी असेल आणि वडिलांना दवाखान्यात न्यायचं असो की लग्नाला, तीच बाहेर काढावी लागत असेल, तर नवी घ्या.

---

पंचगंगा_काठ (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडी लिफ्टवर घेतली. उजव्या थ्रस्ट आर्मवर अगदी सांगितला तसाच काळा ओघळ आहे, डावीकडे नुकता सुरू झालाय. डिस्क मापात निघाल्या. थंड इंजिनाला मागून आवाज नाही. कूलंट मात्र हायवेला 74-75 च्या वर जातच नाही. मिस्त्रींकडे पूर्ण स्कॅनर नाही, पण त्यांच्या ओळखीचा एक मुलगा पुण्यात बीएमडब्ल्यूचंच काम करून इथे परत आलाय, त्याच्याकडे आहे.

ताई, दवाखान्याचा मुद्दा घरी बोललो. वडिलांसाठी माझी छोटी गाडी ऑटोमॅटिक आहे आणि त्यांना चढायला-उतरायला तीच सोयीची पडते, त्यामुळे तो प्रश्न आमच्याकडे तितका नाही.

ट्यूनरला नाही कळवलंय. आता एवढंच विचारतो: आर्म, थर्मोस्टॅट, गिअरबॉक्सचं तेल, शॉकअब्सॉर्बर आणि टायर यांत आधी काय? सगळं एकदम करायचं नाहीये. टायर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, कडक भिंतीचे) आहेत, नक्षी भरपूर आहे.

---

सरळसहा (पुणे)

थर्मोस्टॅट आणि गिअरबॉक्सचं तेल आधी, कारण ही दोन्ही कामं पुढची मोठी बिलं वाचवतात. मुख्य थर्मोस्टॅटशिवाय ईजीआरच्या (जळका वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलरला वेगळा थर्मोस्टॅट आहे का ते बघा. असेल तर दोन्ही एकदमच बदलून घ्या, परत परत कूलंट सोडायला नको. मग दोन्ही आर्म. एकच बदलू नका, आणि बुश दाबून बसवण्यापेक्षा पूर्ण आर्म घ्या. बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे. हवेत लटकत असताना आवळले तर नवा बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे मिस्त्रींना आवर्जून सांगा.

टायरची नक्षी बघू नका, भिंतीवरचा चार आकडी कोड बघा. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचे असतील तर पावसाळ्याआधी काढाच. आंबोलीच्या पावसात मागच्या चाकांची पॉवर आणि कडक झालेलं रबर ही जोडी फार वाईट. नवीन घेताना साधे टायर घेऊन बघा, गाडी खड्ड्यावरून किती मऊ जाते ते कळेल. मग डिकीत पंक्चर किट आणि कॉम्प्रेसर ठेवायचा. शॉकअब्सॉर्बर शेवटी, तेही आर्म बदलून खडखड राहिलीच तर.

फॉर्म 25 चा अर्ज मात्र साठ दिवसांची खिडकी उघडली की लगेच भरा आणि आर्मचं काम तपासणीच्या तारखेआधी उरका.