लंडन पाहायला येणाऱ्यांनी भुयारी रेल्वेवर कितपत विसंबावे?

धागालेखक : आईवडिलांबरोबर आठ दिवस लंडनमध्ये फिरल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, ज्यांना शहर पाहायचे आहे त्यांनी मध्य लंडनात ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, मोह टाळून दुमजली बसने आणि पायी हिंडावे. हॅरी बेक यांनी आखलेला आणि १९३३ साली प्रवाशांच्या हाती आलेला ट्यूबचा नकाशा मार्ग सहज उमगावेत म्हणून खरी अंतरे बाजूला ठेवतो. त्यामुळे लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जायला नवखा माणूस जमिनीखाली उतरतो. प्रत्यक्षात ती वाट जेमतेम पाच मिनिटांची आहे. याउलट ट्रॅफल्गर स्क्वेअरला १५ क्रमांकाच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, की स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल कॅथीड्रल आणि टॉवर ऑफ लंडन ओळीने समोर येतात. तिसऱ्या दिवशी वडील रस्ते ओळखू लागले होते, याचा मला फार आनंद वाटतो.

प्रतिसाद १ : असहमत. आपल्याकडे आठ दिवस होते. युरोपच्या सहलीत लंडनच्या वाट्याला बहुधा दोन-तीनच दिवस येतात. एम्बँकमेंटहून टॉवर हिलला ट्यूबने दहा-बारा मिनिटे लागतात, तर दुपारच्या वाहतुकीत बसला अर्धा तासही पुरत नाही. शिवाय २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन ही रेल्वे हीथ्रो विमानतळाहून थेट टॉटनहॅम कोर्ट रोडला पोहोचवते आणि तिचे डबे वातानुकूलित आहेत. सामान घेऊन उतरणाऱ्याला बस सुचवणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद २ : वेळेचा हिशेब मान्य, पण गुडघ्यांचाही हिशेब करायला हवा. ट्यूबच्या सुमारे एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्या न चढता फलाटापर्यंत जाता येते, आणि गाडी बदलताना चालावे लागते ते वेगळेच. बसला उतरती फळी असते, त्यामुळे चाकाची खुर्चीही आत नेता येते. पैशांच्या दृष्टीनेही बस सोपी आहे : चढताना एकदा कार्ड टेकवले की झाले, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर पुन्हा भाडे पडत नाही. ट्यूबमधून बाहेर पडताना कार्ड टेकवायचे राहिले, तर त्या प्रवासाचे कमाल भाडे कापले जाते. ज्येष्ठांच्या बाबतीत ही चूक सहज घडते.

प्रतिसाद १ : ही चूक एकदा नीट समजावून सांगितल्यास टळते. प्रत्येकाने स्वतःचे एकच कार्ड दिवसभर वापरले, तर भाडे ठरावीक मर्यादेपुढे जात नाही, मग बस घ्या की ट्यूब. एकच कार्ड दोघांत चालत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवावे.

धागालेखक : विमानतळाचा मुद्दा मी मान्य करतो, आम्हीही एलिझाबेथ लाइननेच आलो होतो. परंतु दोन-तीन दिवसांच्या पाहुण्याने पाच स्थळे भुयारातून गाठण्यापेक्षा तीनच निवडून त्यांच्यामधला रस्ता पाहावा, या मतावर मी अजूनही कायम आहे.