थायरॉइड स्कॅन सांगितलाय, मुलगी अंगावर पिते

झोपमोड: टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ०.०२ आलाय, फारच कमी, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन जास्त झालंय. हात थरथरतात, वजन उतरलंय, आणि सोनोग्राफीत उजवीकडे दीड सेंटीमीटरची गाठ दिसली. आता डॉक्टर टेक्नेशिअम स्कॅन करा म्हणतात. सोनोग्राफी झाल्यावर हा आणखी कशाला? मुलगी सात महिन्यांची आहे. 'किरणोत्सर्गी' ऐकल्यापासून धडधड दुप्पट झालीय, थायरॉइडची धरून.

जुनी पेशंट: सोनोग्राफीला गाठ दिसते, पण ती गाठ हार्मोन बनवते की नुसती बसून आहे हे तिला कळत नाही. स्कॅनमध्ये कळतं. गाठच स्कॅनचं किरणोत्सर्गी औषध ओढून घेत असेल तर ती 'हॉट', आणि हॉट गाठीत कॅन्सर क्वचितच निघतो. 'कोल्ड' शब्द रिपोर्टवर दिसला तर लगेच रडायला बसू नका. बहुतेक कोल्ड गाठीही साध्याच असतात, फक्त बहुधा सुईची तपासणी करावी लागते. सगळी ग्रंथी उजळली तर ग्रेव्हज, म्हणजे सगळी ग्रंथीच जास्त हार्मोन बनवते तो आजार. जवळजवळ काहीच दिसलं नाही तर ग्रंथीला सूज, म्हणजे थायरॉयडायटिस. बाळंतपणानंतर वर्षभरात ही सूज बऱ्याच जणींना येते आणि तिच्यावर थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून तुमच्या बाबतीत हा फरक कळायलाच हवा. टीआरएबी ही ग्रेव्हज ओळखणारी रक्ततपासणी आधी करून भागेल का, तेही विचारा.

आता माझी फजिती. स्कॅनच्या तीन आठवडे आधी माझा पोटाचा सीटी झाला होता, कॉन्ट्रास्ट देऊन. त्यात आयोडीन असतं. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही (पोटाचा आणि गळ्याचा काय संबंध!). ग्रंथी आयोडीनने तुडुंब, त्यामुळे स्कॅनचं औषध ओढेना, फोटोत जेमतेम सावली. रिपोर्ट आला थायरॉयडायटिसचा. दोन महिन्यांनी पुन्हा केला तेव्हा ग्रंथी दिवाळीसारखी उजळली. ग्रेव्हजच होता, आणि मधले दोन महिने मी घामाघूम होऊन पंख्याखाली बसून काढले.

प्रत्यक्ष स्कॅन मामुली. हाताच्या शिरेत एक सुई, वीसेक मिनिटं थांबायचं, मग खांद्याखाली उशी घालून मान मागे टाकून पडायचं. कॅमेरा अगदी गळ्याशी येतो. बोलायचं नाही, गिळायचंही नाही, आणि नेमकी तेव्हाच लाळ येते.

गॅमाकाका: न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन होतो, म्हणून दुधाबद्दल सांगतो. टेक्नेशिअम दर सहा तासांनी निम्मं होतं. त्यामुळे दूध काही तासच थांबवावं लागतं. किती, ते डोसवर आणि त्या विभागाच्या नियमावर, तिथूनच लिहून घ्या. आदल्या दिवशी दूध काढून साठवा, नंतरचं काढून टाकून द्या. पण आयोडीन-१३१ देणार असतील तर गोष्ट वेगळी. ते आठ दिवसांनी निम्मं होतं, आणि या बाळाचं अंगावरचं दूध कायमचं बंद करावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: औषध कोणतं? पुन्हा दिवस गेल्याची जरा जरी शंका असेल तर सुई टोचण्याआधी बोला. आणि हे सीटीतलं कॉन्ट्रास्ट नव्हे, त्याची ॲलर्जी असलेल्यांनाही हे चालतं.

झोपमोड: काका, ताई, धन्यवाद. कालच कार्बिमाझोल (थायरॉइड दाबणारी गोळी) सुरू केलंय. स्कॅनपर्यंत बंद ठेवू?

गॅमाकाका: स्वतःच्या मनाने नाही. काही दिवस थांबवायला सांगतात कधीकधी, पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. उद्या सकाळीच फोन करा.

झोपमोड: करते. आणि गेल्या आठवड्यात घसा धरला म्हणून पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या केल्या होत्या. एवढंसंही सांगायचं?

जुनी पेशंट: नावातच आयोडीन आहे, बाई! तारखेसकट सांगा.